रांग मोडायची नाही

“तो लांजेवारांचा जॉब काढून टाक,” खानोरकर सर म्हणाले. समोरच्या फायलीतून त्यांनी मान वर केली नव्हती.

“कुठून काढू, सर?”

“कुठून म्हणजे? मशीनवरून. आत्ता. निकालाचं काम टाकायचंय, सगळी यंत्रं मोकळी हवीत.”

“निकालाचं काम परीक्षा विभागाच्या मशीनवर होतं. आपल्याकडे ते कधी आलेलं नाही.”

“आता येईल.”

“मग रांगेत लावते. नंबर आला की चालेल.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “नलिनी, मी तुला विचारत नाहीये. सांगतोय.”

या गोष्टीला वीसेक वर्षं झाली. नागपूरपासून तासाभराच्या अंतरावर असलेल्या एका तंत्रशिक्षण संस्थेत मी संगणक केंद्राची प्रमुख होते. नलिनी उमाठे. खानोरकर सर संस्थेचे संचालक. त्याआधी ते माझे शिक्षक होते आणि हे केंद्रही त्यांनीच उभं केलेलं. त्या दिवसापर्यंत त्यांचा शब्द मी कधी खाली पडू दिला नव्हता.

केंद्र म्हणजे एक गार खोली. लोखंडी कपाटांमध्ये एकावर एक रचलेले, तारांनी एकमेकांशी जोडलेले संगणक. एकाला महिना लागेल ते काम सगळे मिळून दोन-तीन दिवसांत उरकायचे. त्यामुळे संस्थेतल्या प्रत्येकाला ते हवे असायचे, आणि प्रत्येकाला आधी हवे असायचे. सुरुवातीला लोक मला फोन करत, ओळखी काढत, माहेरचं गाव विचारत. मग आम्ही शेड्यूलर बसवला आणि माझी सुटका झाली.

शेड्यूलर हा एक प्रोग्रॅम असतो. आपलं काम, म्हणजे जॉब, त्याच्याकडे द्यायचं, किती यंत्रं लागतील, किती वेळ लागेल ते सांगायचं आणि खुशाल घरी जायचं. कुठलं यंत्र रिकामं आहे, कुठलं बंद पडलंय, कुणाचं काम संपत आलंय, हे तो सतत बघत असतो. ज्याने अलीकडे यंत्रं कमी वापरली त्याला पुढे घेतो. ज्याने भरपूर वापरली त्याला मागे बसवतो. मोठ्या कामासाठी यंत्रं मोकळी व्हायची वाट बघताना मधल्या फटीत एखादं छोटं काम उरकून घेतो, पण मोठ्याला त्यामुळे उशीर होणार नसेल तरच. मी हे आईला समजावलं तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे पंगतीतला वाढपी की गं.” वाढपीच. फक्त तोंड बघून वाढत नाही एवढंच.

आणि त्याचा पहिला नियम खानोरकर सरांनीच घालून दिला होता: सुरू झालेलं काम ज्याचं त्याला विचारल्याशिवाय मारायचं नाही.

“लांजेवारांना विचारलंय?” मी म्हणाले.

“त्यांना काय विचारायचं? वरून फोन आलाय.”

वरून म्हणजे कुठून हे मला कळलं. रेवती लांजेवार आमच्या भूगर्भशास्त्र विभागात शिकवायची. तिशीची, भंडाऱ्याकडची, बोलायला हळू. आमच्या भागात एक मोठा वीजकारखाना होता. त्याची राख पाण्यात कालवून एका प्रचंड तळ्यात सोडत. ते तळं आता दुप्पट वाढवायचं होतं. तळ्याशेजारच्या सावळखेडचे लोक म्हणत होते की आमच्या विहिरी आत्ताच नासल्या आहेत. सोमवारी जनसुनावणी होती. तळ्यातलं पाणी जमिनीखालून कुठे, कसं, किती वेगाने जातंय याचं गणित रेवतीने मांडलं होतं आणि ते आमच्या यंत्रांवर चालू होतं. आज शुक्रवार होता. संस्थेची नवी इमारत त्या कारखान्याने बांधून दिली होती.

“सर,” मी म्हणाले, “लेखी द्या.”

“लेखी कशाला?”

“संचालकांच्या आदेशावरून अमुक काम बंद केलं, असं मी नोंदवीन. दोन ओळी पुरेत.”

ते माझ्याकडे बघत राहिले. रागाने नव्हे. मला वाटलं, मी असं काही म्हणेन हे त्यांच्या ध्यानीमनीच नव्हतं.

“जा तू,” ते म्हणाले. “मी बघतो.”

मी केंद्रात आले आणि पहिलं काम केलं ते पासवर्ड बदलण्याचं. यंत्रांचा मुख्य पासवर्ड सरांना आणि मलाच ठाऊक होता. खरं सांगायचं तर दोनदा चुकीचा टाइप झाला. मग रेवतीला बोलावून घेतलं.

“काढणार तुम्ही?” तिने उभ्याउभ्याच विचारलं.

“नाही.”

“ताई, यात तुमचं काही नाही. तुम्ही कशाला अंगावर घेता? सावळखेड तुम्ही बघितलेलंही नसेल.”

“नाही बघितलं. तुझं उत्तर काय येणार हेही मला माहीत नाही. काम चालू आहे, ते पुरं होईल. बस.”

दुपारी खानोरकर सर स्वतः केंद्रात आले. माझ्या खुर्चीवर बसले, पासवर्ड टाकला. यंत्राने नकार दिला. पुन्हा टाकला. पुन्हा नकार.

“बदललास?”

“हो, सर.”

“ही शिस्तभंगाची गोष्ट आहे, माहितीये ना?”

“आहे.”

“नवीन काय आहे?”

“नाही सांगणार.”

खोलीत रेवती होती, दोन-तीन संशोधक विद्यार्थी होते. सगळे पडद्यांकडे बघायचं सोंग करत होते. सर उठले. मला वाटलं, गेले. ते दाराशी थांबले, भिंतीवरच्या मोठ्या पॅनलचं झाकण त्यांनी उघडलं आणि मुख्य खटका खाली ओढला.

यंत्रांची घरघर इतक्या वर्षांत आम्हाला ऐकूच येईनाशी झाली होती. ती थांबली तेव्हा ऐकू आली. दिवे गेले, पंखे गेले, कपाटांवरचे हिरवे ठिपके एकदम विझले.

“वीज गेली,” सर म्हणाले. “सोमवारी संध्याकाळपर्यंत दुरुस्ती होईल.”

मी पॅनलपाशी गेले. माझ्या आणि खटक्याच्या मधे ते उभे होते. साठीला आलेले, उंचेपुरे. मला त्यांनी पहिली नोकरी दिली होती, माझ्या लग्नात जेवले होते.

“बाजूला व्हा, सर.”

“नलिनी, वेडेपणा करू नकोस. तुला दोन मुली आहेत.”

“आहेत. बाजूला व्हा.”

ते हलले नाहीत. मी त्यांच्या खांद्यावरून हात घातला आणि खटका वर केला. माझं कोपर त्यांच्या गालाला लागलं, त्यांचा चष्मा वाकडा झाला आणि ते पाऊलभर बाजूला सरले. दिवे आले. त्यांनी पुन्हा हात उचलला तशी मी बाजूचं स्टूल ओढलं, पॅनलला पाठ लावून त्यावर बसले आणि म्हणाले, “आता खटका बंद करायचा तर मला उचलून बाजूला ठेवावं लागेल. ठेवा.”

विद्यार्थी आता उघड बघत होते. सरांनी चष्मा नीट केला. “तुझी नोकरी गेली समज,” असं म्हणून ते निघून गेले.

यंत्रं एकेक करून जागी होऊ लागली. रेवती माझ्याजवळ आली. तिच्या प्रोग्रॅममध्ये ठरावीक वेळाने आपली स्थिती साठवून ठेवायची सोय केली होती, त्यामुळे सकाळपासूनचं थोडं गेलं, बाकी वाचलं होतं. तिथून पुढे सुरू केलं तर सोमवारी पहाटेपर्यंत नक्की पुरं होणार होतं. मी जागेवरूनच एका विद्यार्थिनीला रांग उघडायला सांगितली.

तिने ती दोनदा वाचली. मग म्हणाली, “मॅडम, लांजेवार मॅडमचा जॉब शेवटी आहे.”

मला कळायला क्षणभर वेळ लागला. वीज घालवल्याने फक्त रेवतीचं काम मेलं नव्हतं, चालू असलेली आणि थांबलेली सगळीच कामं पुन्हा रांगेत आली होती. शेड्यूलर आपल्या नियमाने वागत होता. त्या आठवड्यात सगळ्यांत जास्त यंत्रं कुणी वापरली? रेवतीने. मग तिला सगळ्यांत मागे. तिच्यापुढे पाच जणांची कामं होती. तिचा नंबर बुधवारी लागला असता.

“ताई,” रेवती अगदी हळू म्हणाली, “तुम्हाला वर घेता येतं ना? एक कमांड आहे, तुम्हीच एकदा सांगितलं होतं.”

“आहे.”

“मग?”

कमांड बोटांवर होती. पासवर्ड माझा, केंद्र माझं, खटका माझ्या पाठीशी. अर्ध्या मिनिटाचं काम होतं.

“नाही, रेवती.”

“नाही म्हणजे?” तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. “तुम्ही नोकरीवर पाणी सोडलंत आत्ता, आणि आता नियम सांगता? त्यांनी कुठे नियम पाळला?”

“त्यांनी नाही पाळला म्हणून तर मी इथे बसले. ते वजन वापरून तुला खाली ढकलत होते. मी वजन वापरून तुला वर ढकललं, तर फरक एवढाच की मी तुझ्या बाजूची. उद्या दुसरा कुणी दुसऱ्या बाजूचा या खुर्चीत येईल.”

“आणि सोमवारी? सोमवारी मी लोकांना काय सांगू?”

“रांगेत पुढे पाच माणसं आहेत. माणसंच आहेत ना? स्वतःचं काम ज्याला त्याला थांबवून ठेवता येतं. जा, विचार त्यांना.”

ती माझ्याकडे अशी बघत होती की आता हात उगारेल. मग ओढणी सावरून निघून गेली.

तिला फार लांब जावं लागलं नाही. वीज गेल्याने ज्यांची कामं मेली होती ते सगळे आपणहून केंद्राकडे यायला लागले होते, तेही तावातावाने. सगळ्यांत पुढे रसायनशास्त्राचे देवतळे. देवतळ्यांचं आणि माझं कधी जमलं नाही. नंबर मागे पडला की ते मला ऐकू जाईल अशा बेताने व्हरांड्यात बोलत.

“उमाठे मॅडम, काय तमाशा आहे हा? तीन दिवसांचं काम बुडालं माझं. कोणी बंद केली वीज?”

“संचालकांनी.”

“का?”

मी सांगितलं. काही वाढवलं नाही, काही लपवलं नाही. देवतळे ऐकताना दात कोरत होते, ती त्यांची सवय होती.

“म्हणजे लांजेवारबाईंचं एक काम मारायला माझं पण मारलं?”

“हो.”

“मला न विचारता?”

“कुणालाच न विचारता.”

ते पडद्यापाशी गेले, रांग बघितली. पहिलं नाव त्यांचंच होतं. त्यांचं काम आत्ताच सुरू झालं होतं. रेवती त्यांच्या मागे उभी राहिली. तिला सुरुवात कशी करावी ते सुचत नव्हतं.

“सर, माझी सोमवारी सुनावणी आहे…”

“ऐकलं मी.” त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. “आणि तुम्ही हिला वर नाही घेतलं?”

“नाही.”

“घेतलं असतं तर मी आत्ता तुमच्याविरुद्ध तक्रार केली असती,” देवतळे म्हणाले. मग खाली बसले, कीबोर्ड ओढून घेतला. “मला शोधनिबंध पाठवायचाय. गेला खड्ड्यात. मला न विचारता माझी वीज कापतात काय!” आणि त्यांनी आपलं काम थांबवून ठेवलं.

दुसरा भौतिकशास्त्राचा विद्यार्थी होता, त्याने लगेच थांबवलं. तिसरी नाही म्हणाली. तिचा प्रबंध अडकला होता आणि तिचे मार्गदर्शक सरांच्या गोटातले. रेवतीने तिचा हात धरून काहीतरी सांगितलं, ती रडायला लागली आणि निघून गेली. तासाभराने परत आली आणि कुणाकडे न बघता आपलं काम थांबवून गेली. उरलेल्या दोघांना देवतळ्यांनी फोन केले. फोनवर ते काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पुढे कुणी उरलं नाही तेव्हा शेड्यूलरने रांग बघितली, मोकळी यंत्रं मोजली आणि रेवतीचं काम उचललं. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं.

मी दोन दिवस त्या स्टुलावरून फारशी हलले नाही. पाळ्या लागल्या. विद्यार्थी येऊन बसत, देवतळे पुस्तक घेऊन बसत. माझ्या मोठ्या मुलीने डबा आणला आणि विचारलं, “आई, तुला अटक होणार का?” शनिवारी दुपारी शिपाई निलंबनाचा आदेश घेऊन आला. त्यात लिहिलं होतं की पासवर्ड तत्काळ सुपूर्द करावा. मी आदेश घेतला, सही करून पोच दिली आणि म्हणाले, “सरांना सांगा, पासवर्ड सोमवारी देईन.” शिपाई म्हणाला, “मॅडम, मी सांगतो, पण ते ऐकतील असं वाटत नाही.” ऐकलं नसणारच, पण आलंही कुणी नाही. एवढ्या माणसांसमोर एका बाईला उचलून बाजूला ठेवायची हिंमत कुणाला झाली नाही.

सोमवारी सकाळी काम पुरं झालं. रेवतीने नकाशा छापला, टेबलावर पसरला आणि बघत राहिली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते.

“काय गं?”

“सावळखेड नाही,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

तिने बोट ठेवलं. तळ्यापासून निघालेला लाल पट्टा सावळखेडच्या उलट दिशेला गेला होता. जमिनीखाली खडकाची एक तिरकी भिंत होती, ती पाणी सावळखेडकडे येऊच देत नव्हती. पट्टा टेकडीच्या मागे वळून बोरटोला नावाच्या एका वस्तीवर जाऊन थांबत होता. साठ-सत्तर घरांची गोंडांची वस्ती. सुनावणीच्या कुठल्याही कागदावर तिचं नाव नव्हतं.

“सावळखेडच्या विहिरींचं पाणी कशाने खराब झालं ते वेगळं शोधावं लागेल,” रेवती म्हणाली. “पण तळ्याने नाही. ताई, हे मी तिथे सांगितलं तर कारखानावाले टाळ्या वाजवतील आणि सावळखेडचे मला मारतील.”

“बोरटोल्याचं सांगशील तेव्हा टाळ्या थांबतील.”

“आणि तुम्ही? तुम्ही यासाठी…”

“मी उत्तरासाठी बसले नव्हते, रेवती. चल, उशीर होईल.”

मी पासवर्ड एका पाकिटात घालून संचालकांच्या टेबलावर ठेवला आणि तिच्याबरोबर जीपमध्ये बसले. वाटेत रेवतीने जीप टेकडीमागून घ्यायला लावली. बोरटोल्यात थांबून ती दहा मिनिटं बोलली. ऐकून एक पन्नाशीची बाई, सुगंधाबाई मडावी, घरात गेली, लुगडं बदलून आली आणि जीपमध्ये चढली.

सुनावणी शाळेच्या पटांगणात मांडवात होती. रेवतीचं नाव पुकारलं तेव्हा सावळखेडवाल्यांनी घोषणा दिल्या. त्यांचे पुढारी घाटोळे उठून तिच्यासाठी माईक सारखा करायला गेले. तिने नकाशा लावला आणि पहिलं वाक्य बोलली, “या तळ्याचं पाणी सावळखेडच्या विहिरींपर्यंत पोहोचत नाही.”

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग कारखान्याच्या रांगेतून खरोखरच टाळ्या आल्या, आणि मागून एक चप्पल आली. ती रेवतीच्या पायाशी पडली. घाटोळे ओरडले, “बाई, किती घेतले?” मी उठणार तोच रेवतीचा आवाज आला, हळू नव्हे, मांडवाच्या टोकापर्यंत जाणारा.

“माझं संपलेलं नाही! बसा खाली. दोन्हीकडचे बसा!”

बसले. तिने बोरटोल्याचं नाव घेतलं. पाणी कुठून जातं, कधीपासून, आणि तळं दुप्पट केलं तर काय होईल, सगळं सांगितलं. टाळ्या केव्हा थांबल्या ते समजलं नाही. घाटोळे खाली बघत होते.

सुनावणीचे अधिकारी घसा साफ करून म्हणाले, “हे ठिकाण आजच्या विषयपत्रिकेत नाही. त्यामुळे याची नोंद घेता येणार नाही. सुनावणी संपली असं…”

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण मला अजूनही लोक तेच विचारतात. माझं निलंबन आठ महिने टिकलं. माफीनामा मागत होते, मी दिला नाही. परत घेतलं ते पदवीदान विभागात, संगणकाविना. निवृत्त होईपर्यंत तिथेच होते. खानोरकर सर माझ्याशी त्यानंतर कधी बोलले नाहीत. तळं वाढलं नाही. बोरटोल्याला नळाचं पाणी यायला मात्र चार उन्हाळे लागले, आणि त्या चार उन्हाळ्यांत कुणाचं काय झालं हे रेवतीला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. ती अजून तिथे जाते.

पण मला आठवतो तो मांडव. अधिकारी कागद गोळा करून उठत होते. त्यांच्या टेबलासमोर सुगंधाबाई जाऊन उभी राहिली होती. तिला माईक दिला नव्हता, तिने मागितलाही नाही.

“साहेब, बसा.”

“बाई, सुनावणी संपली.”

“आमची कुठं झाली? आमाले तर आज सकाळी समजलं. पहिले आमच्या गावाचं नाव लिवा.”

“तसं लिहिता येत नाही.”

“मंग मी बी इथून हालत नाही.” तिने पदर खोचला आणि टेबलासमोर जमिनीवर बसली. “बघू कोण आधी उठते.”

मग घाटोळे आले. मला वाटलं, तिला उठवायला आले. ते तिच्या शेजारी जमिनीवर बसले. त्यांच्या मागून सावळखेडची माणसं आली, एकेक करून, आणि खाली बसत गेली, बाहेर जायची वाट पुरी अडेपर्यंत. अधिकाऱ्यांनी घड्याळ बघितलं, गाडीकडे बघितलं, त्या सगळ्या डोक्यांकडे बघितलं.

ते खुर्चीत परत बसले आणि पेनचं टोपण काढलं.

“गावाचं नाव सांगा.”

“बोरटोला,” सुगंधाबाई म्हणाली. “नीट लिवा.”